पडणे आणि पाडणे

झाड लावणे हे पुण्यकर्म आहे, ह्याविषयी आपल्याकडे कधी वाद झाला नाही. झाड तोडणे हे पाप आहे, हेही बहुतेकांनी बालपणीच ऐकलेले असते. ह्या दोन वचनांच्या मध्ये मात्र एक अडचणीची जागा आहे, आणि तिच्याकडे आपल्या नीतिविचाराने फारसे लक्ष दिलेले नाही. जे झाड उभे आहे, हिरवे आहे, सावली देत आहे, परंतु ज्याचा बुंधा आतून कुजत चालला आहे आणि जे आज ना उद्या कोणाच्या तरी अंगावर येईल, त्याचे काय करावयाचे? ते काढावयाचे ठरले तर त्याची किंमत कोणी द्यावयाची? आणि तसेच राहू दिले, तर पुढे जे होईल त्याला उत्तरदायी कोण? प्रश्न दिसावयास अंगणाएवढा लहान आहे. परंतु माणूस जे करतो त्याची जबाबदारी जशी त्याच्यावर येते, तशी तो जे करावयाचे टाळतो त्याचीही येते काय, हा नीतिशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

आपल्या भाषेने ह्या बाबतीत एक सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. ‘झाड पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा वाक्याचा कर्ता झाडच असते. ‘झाड पाडले’ असे म्हटले की लगेच कोणीतरी माणूस पुढे येऊन उभा राहतो. त्याचे नाव विचारता येते, त्याला जाब विचारता येतो. एका कान्याचा हा फरक आहे, पण त्या कान्याला माणूस फार भितो. पडणाऱ्या गोष्टींविषयी हळहळ व्यक्त करून मोकळे होता येते. पाडलेल्या गोष्टीचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून शक्य असेल तेथवर आपण सकर्मक क्रियापद टाळतो. आम्हां कचेरीतल्या लोकांना तर ही विद्या विशेष साधलेली आहे. प्रकरण आम्ही ‘ठेवले’ असे कधी होत नाही, ते ‘राहून गेले’ असे होते. कागद आम्ही अडवीत नाही, तो ‘पडून राहतो’.

पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात झाड आणि पडणे हे दोन शब्द एकत्र आले की काळ्या आंब्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची खूण म्हणून लोकांनी शतकभराहून अधिक काळ सांभाळलेली जी एक गोष्ट होती, ती एक झाड होते. रणभूमीवर सांडलेल्या रक्ताने त्या आंब्याची पाने काळवंडली, अशी लोककथा आहे. पुढे ते झाड वठले आणि गेले. त्याच्या लाकडाची दारे करविण्यात आली व ती कर्नालच्या संग्रहालयात ठेवली आहेत, असे सांगतात. आज त्या जागी विटांचा एक स्तंभ आहे, भोवती कुंपण आणि बाग आहे, आणि दर वर्षी १४ जानेवारीस तेथे लोक जमतात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एवढ्या मोठ्या स्मृतीचे ओझे वाहणारे झाडसुद्धा अखेर झाडच होते. स्मृतीला आयुष्याची मर्यादा नसेल, लाकडाला असते. झाडाविषयीच्या आदराने त्याचे वार्धक्य थांबत नाही, आणि एखादे झाड पूज्य आहे म्हणून त्याची फांदी खालून जाणाऱ्याचे डोके चुकवून पडत नाही.

आता काळ्या आंब्याहून अगदी सामान्य अशा एका झाडाकडे वळू. ह्याच शहरातील ज्या घरात आम्ही भाड्याने राहतो, त्याच्या अंगणात एक शिरीष होता. इकडे त्यास सिरस म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडी त्याच्या फुलांचा मंद वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई, आणि थंडीत वाळलेल्या शेंगा वाऱ्याबरोबर खुळखुळत. घरमालकाच्या आईने तो लावला होता. मालक स्वतः दुसऱ्या गावी राहतात. झाड गल्लीच्या बाजूस झुकलेले होते, आणि नेमक्या त्याच्या खाली सकाळी शाळेच्या मुलांना नेणारी ई-रिक्षा उभी राही. बुंध्याशी, जमिनीलगत, बशीएवढ्या कठीण अळंब्या उगवल्या होत्या, आणि झुकण्याच्या उलट बाजूची जमीन किंचित उचलून फुटली होती. झाडांची माहिती असलेल्या एका स्नेह्यांनी ते पाहिले आणि सांगितले की, खोड पोकळ असणे हे स्वतः मोठेसे भय नव्हे. पोकळ झाडे कित्येक वर्षे उभी राहतात. सालीलगतची निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या सुमारे एक तृतीयांश राहिली असेल तर झाड तोल सांभाळते, असा ठोकताळा आहे. परंतु मुळांवरची बुरशी आणि उचललेली माती ही दोन चिन्हे एकत्र दिसली, तर मुळांची पकड सुटत आहे असे समजावे. शिरिषाची मुळे फार खोल नसतात, आणि ह्या प्रदेशात मे-जूनमध्ये येणारी धुळीची आंधी कोणाची भीड ठेवीत नाही.

मालकांना कळविले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे एवढेच म्हटले, “आप तो दो साल में चले जाओगे, बाबूजी.” त्या वाक्यात उपहास नव्हता, आईच्या हाताचे झाड जाणार ह्याचे दुःख होते, आणि एक युक्तिवादही होता. तो युक्तिवाद ह्या मासिकाच्या बहुतेक वाचकांना स्वतःच्या संदर्भात तपासून पाहावासा वाटेल. बदलीच्या माणसाला झाडाविषयी बोलण्याचा अधिकार काय? जे त्याने लावले नाही, ज्याची पूर्ण वाढ त्याने पाहिली नाही, आणि जे पडेल तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच प्रांतात असेल, त्या झाडाशी त्याचा संबंध तो कोणता?

जबाबदारी मालकीबरोबर जाते, असे सामान्यतः आपण मानतो. ज्याची जमीन, त्याचे झाड. ज्याचे झाड, त्याचा दोष. हा नियम सोपा आहे, पण अपुरा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली दोन प्रकरणे ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत. १९७५ साली राजकोट येथे रस्त्याकाठचे एक झाड अकस्मात कोसळून रस्त्याने जाणारा एक गृहस्थ मरण पावला. त्याच्या पत्नीने नगरपालिकेविरुद्ध दावा केला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने पालिकेवर हलगर्जीपणाची जबाबदारी टाकण्यास नकार दिला. झाड पडेल अशी कल्पना आधी यावी असे काही सिद्ध झाले नव्हते. आणि अशा प्रत्येक अपघाताचा भार पालिकांवर टाकला तर त्या झाडे लावण्याचेच सोडून देतील, असाही विचार त्यामागे होता. दुसरे प्रकरण दिल्लीचे. १९६४ साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणाच्या डोक्यावर रस्त्याकाठच्या झाडाची फांदी पडून तो दगावला. ते झाड पूर्वीच वाळून मेलेले होते. येथे १९९९ साली त्याच न्यायालयाने महानगरपालिकेस जबाबदार धरले. अपघात आणि अंतिम निर्णय ह्यांच्यामध्ये ३५ वर्षे गेली होती. वडिलांची वाट पाहणारी मुले तोवर स्वतः प्रौढ झालेली असतील.

दोन्ही ठिकाणी झाड सार्वजनिक रस्त्याचे होते, दोन्ही ठिकाणी त्याची देखभाल करणारी संस्था पालिकाच होती, दोन्ही ठिकाणी एक निरपराध माणूस गेला. तरी निर्णय भिन्न झाले. भेद मालकीत नव्हता, तो ज्ञानात होता. एका ठिकाणी दिसण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्या ठिकाणी ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल असे वाळलेले खोड रस्त्यावर उभे होते. कायद्याचे बारकावे कायदेपंडितांनी सांगावेत. आम्हांस त्यातून जे नैतिक तत्त्व दिसते ते असे की, जबाबदारीचा उगम मालकीपेक्षा पाहण्यात आहे. ज्याला धोका दिसला, किंवा थोडे लक्ष दिले असते तर जो दिसला असता, त्याच्याकडे त्या झाडाचा काही अंश आलाच. मालकाकडे कुऱ्हाड चालविण्याचा अधिकार असेल. परंतु सांगण्याचे, पुन्हा सांगण्याचे, आणि सांगूनही काही होत नसेल तर निदान रिक्षा दुसरीकडे उभी करविण्याचे कर्तव्य ज्याने पाहिले त्याचे आहे. त्या कर्तव्याला भाडेकरारातील मुदत लागू होत नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल. पाहण्यानेच जबाबदारी येत असेल, तर शहाणा माणूस पाहणारच नाही. मान वर न करता अंगणातून ये-जा करील. हा आक्षेप विनोदी वाटला तरी खरा आहे; पुष्कळशी माणसे आणि पुष्कळशा संस्था अशाच शहाणपणावर चालतात. परंतु न पाहण्याचा निश्चय करण्यासाठीही आधी ओझरते का होईना, पाहावे लागतेच. तेथे काहीतरी आहे अशी शंका आल्यावाचून कोणी मान फिरवीत नाही. जाणून बुजून पत्करलेले अज्ञान हे अज्ञान ह्या नावास पात्र नाही. ज्याच्या अंगणात झाड आहे त्याने वर्षातून दोनदा, आंधीच्या आधी आणि पावसानंतर, त्याच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नीट पाहणे हा गृहस्थधर्माचाच भाग मानला पाहिजे. आपण झाडाला पाणी घालतो ते प्रेमाने. पण प्रेम असलेल्या वस्तूचे वार्धक्य पाहण्याचे धैर्य हेही प्रेमातच येते.

आणखी एक गोष्ट पाहिल्यावाचून न्याय होणार नाही. झाड धोकादायक झाले, असे आपण म्हणतो. येथेही क्रियापद अकर्मकच आहे. कित्येकदा ते धोकादायक केलेले असते. अंगण स्वच्छ राहावे म्हणून आपण बुंध्याच्या अगदी सालीपर्यंत सिमेंट ओततो, आणि मुळांना पाणी व हवा मिळेनाशी होते. नळासाठी, गटारासाठी, तारांसाठी चर खणतो आणि त्यात जाड मुळे आली की ती तोडून पुढे जातो. तारांत येणाऱ्या फांद्या एकाच बाजूने छाटतो आणि तोल दुसरीकडे जातो. दिल्लीतील झाडांभोवतीचे सिमेंट एक मीटरपर्यंत काढून टाकावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादास २०१३ साली द्यावा लागला, तो उगाच नव्हे. ज्या शिरिषाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याच्याही एका बाजूस जुन्या सांडपाण्याच्या नळाचा चर गेलेला होता. तो कोणी, केव्हा खणला, हे कोणास आठवत नव्हते. पडणारे झाड पुष्कळदा असे कोणा विस्मृत माणसाने पाडावयास घेतलेले असते. काम पुरे व्हावयास मध्ये २० वर्षे जातात, एवढेच.

आता किमतीचा विचार करू. एकाच झाडाच्या किती किमती असाव्यात, ह्याचे आम्हांस नवल वाटत आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाचे मोल त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षास ७४,५०० रुपये ह्या दराने धरले. त्यात प्राणवायूचे मोल सर्वांत अधिक होते. ह्या हिशेबाने ७५ वर्षांच्या झाडाचे मोल ५५,८७,५०० रुपये होते. ह्याच हरियाणात २०२३ साली ‘प्राणवायू देवता’ नावाची योजना सुरू झाली. तिच्या अन्वये ७५ वर्षांहून अधिक वयाच्या झाडास निवृत्तिवेतन मिळते; सुरुवातीस ते वर्षाला २,७५० रुपये होते, ते झाड ज्याच्या जागेत असेल त्याने देखभालीसाठी घ्यावयाचे. सरकारी नोकराला झाडाविषयी आपुलकी वाटावी ह्यासाठी ह्याहून चांगली योजना सुचणे कठीण! महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात सुधारणा करून ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसा वृक्षाचा मान दिला, आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत असा नियम केला. आणि ह्या साऱ्या मोलांच्या शेजारी लाकूडतोड्याचा भाव असतो. लाकूड त्याने न्यावयाचे असेल तर मजुरी कमी, मालकाने ठेवावयाचे असेल तर जास्त. आमच्या शिरिषाचे त्याने १४,००० रुपये सांगितले, आणि लाकूड नेणार असेल तर ९,०००. म्हणजे त्या सबंध वृक्षाचे लाकडाच्या रूपाने मोल झाले ५,००० रुपये.

ह्यांतली कोणती किंमत खरी? आमच्या मते सगळ्याच खऱ्या आहेत, कारण त्या निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. लाकूडतोड्याची किंमत श्रमाची आहे, तज्ज्ञांची किंमत उपकाराची आहे, आणि निवृत्तिवेतनाची रक्कम कृतज्ञतेची खूण आहे. घोटाळा होतो तो एक किंमत देऊन सगळ्या देण्यांतून मुक्त झालो असे समजण्यात. लाकूडतोड्याला पैसे दिले म्हणजे गल्लीने गमावलेल्या सावलीचे देणे फिटत नाही. त्या सावलीत भाजीची गाडी लावणाऱ्याला आपण काहीच दिलेले नसते. उलट, झाडाचे मोल ५५ लाख आहे असे म्हणून त्यास हात लावू न देणाऱ्यानेही एक रकाना कोरा ठेवलेला असतो. ई-रिक्षात बसलेल्या सहा मुलांचे मोल त्याने कोठे मांडले? माणसाच्या जिवाची किंमत करता येत नाही हे खरे. पण म्हणून हिशेबात ती शून्य धरावयाची, हा न्याय झाला नाही.

आणखी एक किंमत अशी आहे की ती कोणत्याच कागदावर येत नाही. झाड तोडावयास जो वर चढतो, त्याच्या जिवाची. कुजलेले झाड खाली उभ्या असलेल्यास जेवढे धोक्याचे, त्याहून वर चढणाऱ्यास अधिक. कमरेला एक दोर, हातात करवत, पायाखाली जिच्यावर विश्वास ठेवता येत नाही अशी फांदी, आणि हाताच्या अंतरावर विजेची तार. अशा स्थितीत आपल्या गावोगावी हे काम रोज चालते. पडणाऱ्या झाडापासून दहा अनोळखी माणसांना वाचविण्यासाठी आपण एका अकराव्या अनोळखी माणसाला त्याच झाडावर चढवितो, आणि तो स्वस्तात चढतो म्हणून समाधान मानतो. सुरक्षिततेचा खर्च जर केवळ एका गरिबाच्या अंगावर ढकललेला असेल, तर आपण धोका दूर केला असे म्हणता येणार नाही. त्याची फक्त बदली केली. वीज बंद करविणे, दोन दोर आणि शिरस्त्राण असलेला माणूस शोधणे, काम वाऱ्याच्या दिवशी न करविणे, आणि ह्यासाठी जे अधिक पैसे पडतील ते घासाघीस न करता देणे, हा झाड काढण्याच्या किमतीचाच भाग आहे. घासाघीस भाजीत करावी.

मग परवानगीचे काय? दिल्लीत १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि अर्जावर निर्णय देण्यास त्यास ६० दिवसांची मुदत आहे. मात्र झाड तत्काळ न तोडल्यास जिवास, मालमत्तेस किंवा रहदारीस गंभीर धोका असेल, तर मालकाने ते आधी तोडून २४ तासांच्या आत कळवावे, अशी सवलतही त्यात आहे. पानिपत राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडत असले, तरी तो कायदा दिल्लीपुरता आहे. दिल्लीच्या हद्दीवर निंबाच्या झाडाचे हक्क बदलतात. असे कायदे हवेतच. ते नसते तर प्रत्येक अडचणीचे झाड धोक्याचे ठरले असते. दुकानाची पाटी झाकणारे झाडसुद्धा एका रात्रीत कुजके निघाले असते.

परंतु परवानगी ही नैतिक निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूर येथे सकाळी फिरावयास निघालेल्या एका स्त्रीवर नारळाचे झाड कोसळले आणि ती मृत्यू पावली. ते झाड काढावे असा अर्ज पूर्वी झाला होता, पाहणीही झाली होती, आणि झाड ठीक आहे असे ठरून परवानगी मिळाली नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ह्या प्रकरणात कोणाचा किती दोष, हे येथे ठरवावयाचे नाही. पाहणी करणाऱ्याचीही बाजू असते. नारळाचे खोड बाहेरून सरळ दिसते. शंभर अर्जांपैकी कित्येक केवळ गाडी उभी करावयास जागा हवी म्हणून आलेले असतात. प्रत्येकास होकार देणारा अधिकारी शहर उजाड करील. आम्ही स्वतः मेजाच्या त्या बाजूस बसणारी माणसे आहोत, आणि नकारही प्रामाणिक असू शकतो हे जाणतो. परंतु ‘झाड ठीक आहे’ ह्या तीन शब्दांवर सही करणारा माणूस एका कर्तरी वाक्याचा कर्ता झालेला असतो. त्या सहीआधी तो झाडाभोवती फिरला काय, त्याने बुंध्यावर हातोडीने ठोकून पाहिले काय, शंका आली तेव्हा जाणत्याला विचारले काय, एवढेच त्याला विचारता येईल; आणि एवढे मात्र विचारलेच पाहिजे. सही ही जबाबदारी संपल्याची खूण आहे असे आपण मानीत आलो. वस्तुतः ती जबाबदारी सुरू झाल्याची खूण आहे.

मराठी राज्यव्यवहारात ह्या प्रश्नाचा फार समंजस विचार एका ठिकाणी झालेला आढळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे ह्याचे विवेचन आहे. आंबा, फणस ह्यांसारखी झाडे गलबतांस उपयोगी खरी, पण त्यांस हात लावू देऊ नये असे तेथे बजावले आहे. कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखास पार राहत नाही. तथापि एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झालेले असेल, तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे. जबरदस्ती करू नये. ह्यात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांचा क्रमही विचारपूर्वक आहे. झाड जीर्ण झाले आहे हे आधी निश्चित करावयाचे, मग ज्याचे त्यावर प्रेम आहे त्याचे मन वळवावयाचे, आणि मग मोल द्यावयाचे. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या राजनीतीला एवढे कळत होते की जीर्ण झाडाच्या मालकालाही दुःख होते, आणि राज्याची निकड खरी असली तरी त्या दुःखाला ओलांडून जाता येत नाही. ह्याच्याही कित्येक शतके आधी वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी झाड तोडण्याचा विधी सांगताना त्यावर वसणाऱ्या भूतांची पूजा करून त्यांस अन्यत्र जाण्याची विनंती करावयास सांगितले आहे. आज भूतांवर कोणाची श्रद्धा नसली, तरी घरटी असतात, खारी असतात. त्यांची पिले उडून जाईपर्यंत थांबता येत असेल तर थांबावे, एवढा अर्थ त्या विधीतून आजही घेता येतो.

आमच्या मालकांना राजी करावयास दोन महिने लागले. त्यांना पुनःपुन्हा धोका समजावून काही उपयोग झाला नाही. ते स्वतः एका रविवारी आले, गल्लीत उभे राहिले, आणि मुलांची रिक्षा येऊन नेमकी त्या ठिकाणी थांबलेली त्यांनी पाहिली, तेव्हा काम झाले. पुढे फेब्रुवारीत, आंधीचे दिवस येण्याआधी, झाड वरून खाली तुकड्या-तुकड्यांनी उतरविण्यात आले. खर्च मालकांनी आणि आम्ही वाटून घेतला. भाडेकरूने त्यात वाटा का द्यावा, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. कायद्याने तो आमच्यावर नव्हता, हे खरेच. परंतु तीन उन्हाळे त्या झाडाखाली काढले होते आणि त्याचा धोकाही आम्हीच पाहिला होता. उपभोगात आणि ज्ञानात वाटा असताना खर्चाच्या वेळी ‘आम्ही तर परके’ असे म्हणणे आम्हांस शोभले नसते. खोड कापले तेव्हा आतली पोकळी हाताची कोपरापर्यंत आत जाण्याएवढी निघाली. पोकळी न निघती तरी आमच्या मते निर्णय चुकीचा ठरला नसता. निर्णयाची योग्यता तो घेताना काय दिसत होते ह्यावर ठरते, मागून काय आढळले ह्यावर नव्हे. मालकांनी त्या लाकडातला एक तुकडा आपल्या आईसाठी नेला. आळ्याच्या एका बाजूस, नळापासून आणि तारांपासून दूर, एक कडुनिंब लावला आहे.

आता बदलीच्या माणसाच्या प्रश्नाकडे पुन्हा येऊ. परप्रांती नोकरी करणाऱ्यांना एक सूक्ष्म प्रलोभन असते. येथले काहीच आपले नाही, सगळे काही मुदतीचे आहे, असे मानण्यात मोठी सोय आहे. घराची भिंत ओली होते, अंगणातले झाड झुकते, कचेरीतली एखादी व्यवस्था आतून कुजते. आपण दिवस मोजतो आणि ते सारे पुढच्या माणसाच्या हवाली करून कार्यमुक्त होतो. ज्या दिवशी ते पडते त्या दिवशी आपण दुसऱ्या गावी असतो, आणि वृत्तपत्रात वाचून हळहळतो. ह्या रीतीने आयुष्यभर नोकरी करूनही एखादा मनुष्य काहीच न पाडता, निष्कलंक निवृत्त होऊ शकतो. त्याच्या मागे मात्र पडलेल्या गोष्टींची रांग असते.

आम्हांस उलट वाटते. जो जाणार आहे त्याच्यावर पाहण्याची आणि सांगण्याची जबाबदारी अधिक आहे. कारण ज्याला तेथेच राहावयाचे आहे त्याला रोजच्या पाहण्याने दिसेनासे झालेले असते, आणि नव्या डोळ्यांना ते दिसते. शिवाय पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाशी आपले नाते लावणाऱ्याच्या नात्याइतकेच खरे आहे. ज्या बाईने तो शिरीष लावला तिला आम्ही कोण, हे ठाऊक नव्हते. तरी तिची सावली आम्हांस मिळाली. मग आमच्यानंतर त्या घरात जो येईल, त्याचे नाव ठाऊक नाही म्हणून त्याच्या डोक्यावर कुजलेले खोड ठेवून जाण्याचा अधिकार आम्हांस कोठून येतो?

झाड तोडण्याचे समर्थन करणे सोपे आहे आणि न तोडण्याचे तर त्याहून सोपे. अवघड आहे ते नीट पाहून, विचारून, सर्व किमती मांडून, मग जो निर्णय होईल त्याखाली आपले नाव लिहिणे. आणि पुढे कोणी विचारले, तर झाड गेले असे न म्हणता, आम्ही ते काढले, असे म्हणणे.